आर्डिथबाईंचे पाच वर्षांचे टायर

आर्डिथबाईंनी मला शाळेच्या बसमधून दोनदा खाली उतरवलं. पहिल्यांदा मी खिडकीतून बूट फेकला म्हणून, आणि दुसऱ्यांदा तो बूट माझा नव्हता हे उघड झालं म्हणून. आज मी, लॅडी क्रेचेक, बावन्न वर्षांचा आहे. नेब्रास्कातल्या आमच्या नऊशे वस्तीच्या गावात टायरचं एकुलतं एक दुकान माझं आहे. तरीही बाई दारात दिसल्या की मी आधी खिशातले हात बाहेर काढतो.

एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली. थंडीत नाकातलं पाणी गोठायचं, तरी पहाटे सहाला बाई हिकरीच्या लाकडाचं दांडकं घेऊन बसभोवती फिरायच्या आणि एकेका टायरवर तडाखा द्यायच्या. भरलेला टायर टणक वाजतो, बसलेला ढप्प वाजतो. आम्ही पोरं थंडीत नाचत उभे असू, पण सहाही टायर वाजल्याशिवाय दार उघडायचं नाही. कुणी कुरकुर केली की म्हणायच्या, "तुझ्या आईला मी तुला सगळाच्या सगळा परत द्यायचं कबूल केलंय." उशिरा येणाऱ्यासाठी मात्र त्या एक मिनिटही थांबत नसत. दोनदा भोंगा वाजवायचा आणि निघायचं.

आता गंमत बघा. चौसष्ट पोरांची बस बर्फात हाकणाऱ्या या बाईला तिच्या नवऱ्यानं घरचा ट्रेलर एकदाही ओढू दिला नव्हता. डेल्मर ओबरमिलर. गावच्या पाण्याची टाकी आणि नळ सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी मनातल्या मनात त्यांना डेल्मरराव म्हणतो, कारण ट्रेलर पिकअपला जोडला की त्यांची मान अशी ताठ व्हायची, जणू वरातीतला घोडा त्यांच्याच हाती दिलाय. दर उन्हाळ्यात दोघं निघायची. सव्वीस फुटांचा ट्रेलर, आत पलंग, चूल, न्हाणीघर, आणि दारावर देशाचा कोरा नकाशा. ज्या राज्यात मुक्काम केला त्याचा रंगीत तुकडा नकाशावर चिकटवायचा, ही ट्रेलरवाल्यांची रीत. नुसतं जेवून पुढं गेलात तर तुकडा नाही, रात्री तिथं झोपायला हवं. डेल्मररावांनी एकदा डेलावेअरचा तुकडा नुसत्या सँडविचच्या जोरावर चिकटवला होता. बाईंनी तो नखानं खरवडून काढला आणि दोन वर्षांनी तिथं झोपून परत लावला.

सत्तेचाळीस तुकडे लागले होते. अलास्का आणि हवाई रस्त्यानं जोडलेले नाहीत म्हणून सोडले, तर राहिलं होतं एकच राज्य, पार ईशान्येच्या टोकाचं मेन. तिथं जायचं ठरलं, तोच डेल्मररावांचा खुबा मोडला. मग भावाचं आजारपण, मग कोविड. ट्रेलर शेडमध्ये उभा राहिला तो राहिलाच. आणि गेल्या वर्षी डेल्मररावांच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध धुकं आलं. समोर बघावं तर समोरचंच नाहीसं होतं, कडेचं तेवढं दिसतं. मला बघायचं असलं की ते माझ्या कानाच्या पलीकडं बघतात. लिंकन शहरातले डॉक्टर म्हणाले, धुकं पसरतंय, या उन्हाळ्यात दिसतंय ते पुढच्या उन्हाळ्यात दिसेलच असं नाही. डेल्मररावांनी गाडीचा परवाना स्वतः जाऊन परत केला आणि तीन आठवडे कुणाशी बोलले नाहीत.

एप्रिलमध्ये बाई माझ्या दुकानात आल्या. खिशातले हात मी काढलेच होते.

"लॅडी, आम्ही जूनमध्ये मेनला निघतोय. ओढणार मी. त्याचे डोळे आहेत तोवर त्याला तिथला समुद्रातला सूर्योदय दाखवायचाय. तू येऊन टायर बघ."

"डेल्मर काय म्हणतात?"

"तो म्हणतो टायर नवे आहेत. म्हणून तर तुला बोलावते आहे."

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेलो. डेल्मररावांनी टायरांवर कापडी टोप्या घातल्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून अशा काढल्या, जणू आत पाहुण्यांना दाखवायचं बाळ निजलंय.

"लॅडी, हात लावून बघ. अजून केस आहेत!"

साच्यातून निघालेल्या टायरवर रबराचे बारीक केस राहतात, शे-दोनशे मैल पळाला की झिजून जातात. इथं सगळे शाबूत होते. नक्षी इतकी खोल की नाणं उभं राहावं.

"कधी घेतलेत?" मी विचारलं.

"कोविडच्या आदल्या वर्षी. पाचच वर्षं झाली."

"आदल्या वर्षी पाणी तापवायचा बंब घेतला," बाई म्हणाल्या. "टायर त्याच्या कितीतरी आधीचे."

"बंब आधी."

"टायर आधी."

"आर्डिथ, बंबाकडं माझं लक्ष नव्हतं का?"

"तुझं लक्ष बंबाकडंच होतं, म्हणून तर टायर विसरलास!"

पन्नास वर्षांच्या संसारातलं हे भांडण मी सोडवणार नव्हतो. टायरच सोडवतो. टायरच्या गालावर अक्षरांची एक लांब ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायरची जन्मपत्रिकाच ती. पण पूर्ण पत्रिका एकाच गालावर छापतात, आणि बसवणाऱ्यानं तो गाल आत केला की माणसं चकाचक बाहेरचा गाल बघत दहा वर्षं खूश राहतात. इथंही गाल आत होता.

मी खाली वाकायला लागलो तशा बाई म्हणाल्या, "थांब, तू पोटासकट अडकशील." शहात्तर वर्षांच्या बाईंनी जाकीट जमिनीवर अंथरलं, त्यावर आडव्या झाल्या आणि पर्समधला पावडरचा आरसा घेऊन ट्रेलरखाली सरकल्या. आतून आवाज आला, "सव्वीस, चौदा."

"बाई, आरशात उलटं दिसतं. नीट बघा."

"लॅडी क्रेचेक, एकतीस वर्षं मी तुम्हाला आरशातच वाचलं. कोण कुणाचा बूट फेकतोय हे मला सुलट्यापेक्षा उलटंच चांगलं दिसतं. दोन हजार चौदाचा सव्विसावा आठवडा."

डेल्मररावांनी टोपी काढून परत घातली. "चौदा म्हणजे खुब्याचं वर्ष. मेनसाठीच घेतले होते की ते."

इथं माझं डोकं फिरतं ते सांगून टाकतो. लोक मोटारीच्या सवयीनं नक्षी बघतात आणि खोल दिसली की मिशीवर ताव देतात. अहो, मोटार रोज पळते, तिचे टायर झिजून मरतात. ट्रेलर अकरा महिने उभा असतो, त्याचे टायर नुसते उभे राहून म्हातारे होतात. पाच वर्षं झाली की शंका घ्यावी, सातव्या वर्षी हात जोडावेत. मी नक्षीच्या खाचेत अंगठा घालून रबर ताणलं. आत कोरड्या ओठांसारख्या बारीक भेगा होत्या. असा टायर गावात काही करत नाही. जुलैच्या उन्हात, भरल्या वजनानं, महामार्गावर तासाभरानं फुटतो आणि जाताना ट्रेलरचा पत्रा, गॅसची नळी, जे हाती लागेल ते फाडून नेतो.

"पण वापरलेलेच नाहीत रे," डेल्मरराव म्हणाले.

"मी दहा वर्षांपूर्वी केलेला कोलाचे कपाटात सापडला, तर न खाल्लेला म्हणून ताजा होईल का?" बाईंनी विचारलं. कोलाचे म्हणजे आम्हा चेक लोकांचा जर्दाळू भरलेला गोड पाव. बाई जन्मानं जर्मन, पण त्यांच्या हातचा खाऊन माझी आई गप्प बसायची.

"तुझ्या हातचा असेल तर खाईन."

"खा. पण टायर मी लावणार नाही."

"बरं, मग माझ्या पिकअपचे जुने चार पडलेत. माप तेच, तीनच वर्षांचे. ते लाव, लॅडी."

हे ऐकून मी माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसावर ओरडलो, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. "माप तेच म्हणून शेजाऱ्याचे दात लावाल का? पिकअपच्या टायरचा गाल मऊ, बसणाऱ्याच्या पाठीला सुख व्हावं म्हणून. ट्रेलरमध्ये कोण बसतं? त्याला डुलायचं नसतं, ओझं पेलायचं असतं. वळताना मागची चाकं आडवी फरफटतात, तेव्हा मऊ गाल पिळवटून निघतो. ट्रेलरचे टायर वेगळे, त्यावर तसं लिहिलेलं असतं!"

"एवढं ओरडायला काय झालं?" डेल्मरराव माझ्या कानापलीकडं बघत म्हणाले. "डोळे गेलेत, कान नाही."

बाई हसल्या. मीही हसलो. पण डेल्मरराव हसले नाहीत, आणि टायर घ्या असंही म्हणाले नाहीत.

कुठले टायर घ्यायचे हे ठरवायला आधी वजन हवं. कारखान्याच्या पाटीवरचं वजन खरं मानू नये, तिथं ट्रेलर रिकामा असतो. माणसं त्यात जे भरतात ते पाटीला माहीत नसतं. म्हणून मी दुकानातली चार धडधाकट चाकं तात्पुरती चढवून दिली आणि म्हटलं, मेनला जाताना भराल तसं सगळं भरा, आणि शनिवारी धान्याच्या कोठारावर या. तिथं मक्याचे ट्रक तोलायचा काटा आहे.

शनिवारी बाई पहिल्यांदा ट्रेलर ओढून घेऊन आल्या. मी रस्त्यात उभा राहून बघत होतो. वळणावर त्यांनी असं रुंद आणि अलगद वळण घेतलं की कोठाराच्या भिंतीवरची कबुतरंसुद्धा उडाली नाहीत. शेजारी डेल्मरराव दोन्ही हातांनी आसन धरून बसले होते.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"वळण जरा आधी घ्यायला हवं होतं," ते म्हणाले.

"तुला दिसलं का ते?" बाई म्हणाल्या.

"जाणवलं."

काट्यावर बॉनी असते. खिडकीतून मुंडकं काढून आकडे ओरडते. आधी चारही चाकं तोलली, मग नुसती डावी दोन, मग नुसती उजवी दोन. बॉनी ओरडली, "उजवी तीन हजार दोनशे पौंड! डावी तीन हजार आठशे साठ!"

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "सहाशे साठचा फरक? डावीकडं आहे काय एवढं? माझी भांडी उजवीकडं, पाणी मधे."

डेल्मररावांना अचानक आकाशातले ढग बघावेसे वाटले.

"डेल्मर, पलंगाखालच्या पेटीत काय आहे?"

"हत्यारं."

"किल्ली दे."

पेटी उघडली आणि मी बाईंच्या खांद्यावरून आत पाहिलं. दगड होते. पावाएवढे, खरबुजाएवढे, लाल, काळे, चकाकणारे, दुधाच्या पेट्यांमध्ये जुनी वर्तमानपत्रं घालून रचलेले. बाईंनी खरबुजाएवढा एक दगड दोन्ही हातांनी उचलून बघितला.

"मी एकोणनव्वद साली म्हटलं होतं, घरात आता एकही दगड आणायचा नाही."

"घरात आणला कुठं?" डेल्मरराव म्हणाले. "ट्रेलरमध्ये ठेवला."

बाईंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग गदागदा. पायऱ्या उतरून त्या तिथंच काट्याच्या लोखंडावर बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. वरून बॉनी ओरडली, "आता काय चढवलंत? आणखी एकशे अडतीस झालं!"

"ती मी आहे, मूर्ख मुली!"

आम्ही दगड बाहेर काढून ओळीनं मांडले. सत्तेचाळीस होते, एका राज्याचा एक. प्रत्येकाच्या पोटाशी रंगानं राज्याचं नाव होतं, पण डेल्मररावांना ते आता वाचता येत नव्हतं. त्यांनी खाली बसून पहिल्या दगडावर हात फिरवला.

"व्हरमाँट. इथं आर्डिथ ओढ्यात पडली." दुसरा उचलला. "युटा. हिनं रेंजरला गाडी कशी लावायची ते शिकवलं." तिसरा. "डेलावेअर, दुसऱ्या खेपेचा. पहिल्या खेपेचा हिनं मोजू दिला नाही."

एकही चुकला नाही. मी खालचं नाव वाचून मान डोलावत होतो आणि बाई दगडांकडं नाही, त्यांच्या बोटांकडं बघत होत्या.

तेवढ्यात डेल्मररावांनी हात झटकले आणि उभे राहिले. "बरं झालं, कळलं. दगड घरी ठेवू. वजन उतरलं की सगळ्यात साधे टायर चालतील ना, लॅडी? एकच फेरी तर आहे." मग त्यांचा आवाज उतरला. "नवे टायर पाच वर्षांचे आणि डोळे एका वर्षाचे, असा सौदा कोण करतं? नाहीतर राहू दे मेन. मी काही तिथं ओझं म्हणून जाणार नाही."

हे होतं तर. इतके दिवस तो माणूस बंब आणि टायर करत होता, आणि पोटात हे होतं. मला माझ्या ओरडण्याची त्या क्षणी मात्र लाज वाटली.

बाई लोखंडावरून उठल्या. "लॅडी, दगडांसकट हिशेब कर. कुठले लागतील?"

"साधे प्रत्येकी अठराशे वीस पेलतात. डाव्या दोघांवर अडतीसशे साठ म्हणजे आत्ताच जास्त. दगड दोन्ही बाजूंना वाटा, आणि एक पायरी वरचे घ्या, साडेएकवीसशेचे. हवा जास्त लागते, पण तुमची रिम ते सोसेल, मी बघितलंय. पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर टायरला राबवू नये, माणसालाही."

"तेच मागव. पाच, सुट्या चाकासकट. ताजे." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "आणि तू ऐक. पहिलं वर्ष तू बघ. पुढची चार वर्षं मी बघून तुला सांगेन. मी एकतीस वर्षं पोरांना खिडकीबाहेरचं दाखवत गाडी चालवली, तू एकटा मला जड नाहीस. फक्त भोंगा वाजला की वेळेवर चढायचं."

 डेल्मरराव व्हरमाँट तेवढा उचलून हातात धरून बसले.

मी टायर मागवले आणि गोदामवाल्याला फोनवर बजावलं की जुना माल पाठवलास तर तुझ्याच खर्चानं परत पाठवीन. आले ते खरंच ताजे होते. रिमवर चढवताना मी एक गोष्ट केली जी एरवी करत नाही. पाचही टायरांचा पत्रिकेचा गाल बाहेर काढला. हे टायर कसेही बसवले तरी चालतात, कुणी मुद्दाम बघत नाही एवढंच. हवेसाठी धातूचे व्हॉल्व्ह लावले, नट मोजून आवळले, आणि डेल्मररावांना बोलावणं पाठवलं. ते येतील अशी मला खात्री नव्हती. आले.

मी त्यांचा अंगठा धरून टायरच्या गालावर ठेवला, ओळीच्या शेवटी. आकडे उठावाचे असतात. ते गुडघ्यांवर बसले, टोपी मागं सारली आणि डोळे मिटले.

"शून्य," ते म्हणाले. "हा नऊ की सहा? थांब, शेपूट खाली आहे. नऊ. मग दोन. मग चार." अंगठा परत सुरुवातीला गेला. "चोवीसचा नववा आठवडा. म्हणजे फेब्रुवारी संपतानाचा. लॅडी, हा तर अजून रांगतसुद्धा नाही!"

मग ते गुडघ्यांवरच सरकत पुढच्या चाकाशी गेले आणि तिथंही वाचलं. चारही वाचून झाल्यावर सुटं पाचवंही वाचलं. उठताना मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही.

"एकोणतीसपर्यंत जातील?"

"सांभाळलेत तर एकोणतीस काय, तीसही."

"मग मेन झाल्यावर करायचं काय? नकाशा तर भरला." ते थोडा वेळ माझ्या कानापलीकडं बघत राहिले. "कॅनडाचा मिळतो का रे?"

जूनच्या तीन तारखेला ते निघाले. मी मुद्दाम दुकान उशिरा उघडलं. बाई दांडकं घेऊन ट्रेलरभोवती फिरल्या, ठक, ठक, ठक, ठक, आणि त्यांच्या मागोमाग डेल्मरराव प्रत्येक टायरच्या गालावर अंगठा ठेवत गेले. पन्नास मैलांवर थांबून नट पुन्हा आवळा, असं मी चौथ्यांदा सांगितलं. बाई म्हणाल्या, "खिशातले हात काढ, लॅडी," आणि गेल्या.

ऑगस्टमध्ये परत आल्या आल्या ट्रेलर माझ्या दारात उभा राहिला. डेल्मरराव आत आले आणि त्यांनी काउंटरवर एक काळा, गुळगुळीत दगड ठेवला.

"अठ्ठेचाळीस," ते म्हणाले.

"सूर्योदय दिसला?"

"दिसला. चार दिवस धुकंच होतं, माझ्या डोळ्यांत नाही, समुद्रावर. पाचव्या दिवशी निघाला. आर्डिथ म्हणते, समोर बघ, समोर. आता समोर बघितलं की माझं समोरचं जातं, हे तिला माहीत आहे. तरी मी समोर बघितलं."

"अहो, मग सूर्य कसा दिसणार?"

"सूर्य मी ऐंशी वर्षं बघतोय," डेल्मरराव म्हणाले. "तोंड सूर्याकडं केलं म्हणजे शेजारी बसलेली ती नीट दिसते. उजेडही चांगला होता."

मी दगड उगाचच उलटा करून बघितला.  त्यांनी विचारलं, हवा तपासतोस का, सप्टेंबरमध्ये कॅनडातल्या मॅनिटोबाला जायचंय, आणि तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. एकदा.

"अरे देवा," म्हणत डेल्मररावांनी दगड उचलला आणि दाराची चौकट चाचपत, खुब्याची पर्वा न करता, दुसरा वाजायच्या आत धावत सुटले.